कंदीलवाल्याचा शेवट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मधुकर इंगोले हे नाव सांगतो. माझे आईवडीलही तेच नाव सांगतात, त्यामुळे घरात भांडण होत नाही. मधुकर इंगोले अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. कॉलेजात सगळे त्यांना मधुभाऊ म्हणायचे, मी नुसतं भाऊ म्हणतो.

हे भाऊ गाणं ऐकताना पंखा बंद करायचे.

ज्यांनी अमरावतीचा मे महिना काढलेला नाही त्यांना हे वाक्य साधं वाटेल. त्या दिवसांत दुपारी बारानंतर आमच्याकडे कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही. भिंतीला टेकलं तर पाठ पोळते. अशा दुपारी भाऊ आधी कूलर बंद करायचे, मग पंखा, मग खिडकी लावून घ्यायचे आणि टेपचं बटण दाबायचे. पुढची चौऱ्याहत्तर मिनिटं खोलीतल्या कोणीही बोलायचं नाही, काही खायचं नाही, घाम पुसायचा तो आवाज न करता.

"पंख्याले सूर असते बे," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "अन् तो भल्ला बेसूर असते. नॉर्वेवाल्याईच्या मधात तो घुसला की सत्यानाश."

नॉर्वेवाले म्हणजे नॉर्वे देशातला पाच जणांचा एक बँड. त्यांचं खरं नाव आमच्यापैकी कोणालाच नीट उच्चारता येत नव्हतं, म्हणून नॉर्वेवाले. ते वाजवायचे त्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. विजेच्या गिटारी, दोन्ही पायांनी वाजवायचा ड्रम, सतरा-सतरा मिनिटांची गाणी, पानं उलटावीत तसे बदलणारे ताल, आणि मधूनच एक माणूस अंगात आल्यासारखा ओरडतो. भाऊंच्या घरमालकीण बोंडेकाकू पहिल्या वेळी तुळशीपाशी ठेवलेला तांब्या तसाच घेऊन वर धावत आल्या होत्या. "मधुकर, कोणाले मारून राहिले रे?" भाऊंनी त्यांना बसवलं आणि समजावलं, की तो माणूस ओरडून नाही राहिला, त्याचं दुःख गळ्यात मावत नाही. काकूंनी थोडा वेळ ऐकलं. "मंग त्याले पाणी तरी द्या कोणी," म्हणाल्या आणि खाली गेल्या.

भाऊंकडे कॅसेटी तीस-चाळीस होत्या, पण त्यांचा जीव होता एकीत. तिच्या मूळ कव्हरवर समुद्राकाठी कंदील धरून उभा असलेला एक म्हातारा होता. भाऊंनी तो बॉलपेनाने आपल्या कॅसेटच्या कागदावर उतरवून घेतला होता. त्यांच्या हातून म्हाताऱ्याला धोतर आलं होतं. या अल्बमला ते 'कंदीलवाला' म्हणायचे. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट होती. एकाचा भाऊ नावेतून गेला आहे, आणि हा रोज किनाऱ्यावर कंदील घेऊन उभा राहतो. बस. एवढ्यासाठी चौऱ्याहत्तर मिनिटं.

एक लॅब अटेंडंट, लहानपणी वडिलांबरोबर गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाऊन भजनातली खंजिरी शिकलेला माणूस, या संगीतापर्यंत पोचला कसा? मी विचारलं होतं. भाऊंना प्रश्नच कळला नाही. "खंजिरीपासूनच तर पोचलो," ते म्हणाले. मग त्यांनी मला बोटांच्या पेरांवर तिसऱ्या गाण्याचा ताल मोजून दाखवला. सात. "पाह्य, सात मात्रा. आपला रूपक. ते पोट्टे रूपक वाजवून राहिले, फक्त त्याईले माईत नाई." लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या वेळी ते ट्यूनिंग फोर्क रबरावर आपटून कानाशी धरायचे आणि एखाद्या घाबरलेल्या मुलीला सांगायचे, "हा दुसऱ्या गाण्याचा सूर आहे. लक्षात ठेव, कामी येईन." तो कधी कोणाच्या कामी आल्याचं मला माहीत नाही. पण ती मुलगी पुढचं रीडिंग नीट घ्यायची, हे मी पाहिलं आहे.

माझं गाव अकोटजवळ. बाबा अकोटला जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी फिजिक्समध्ये नापास होणाराही मीच. निकालाच्या दिवशी मी हॉस्टेलमधून पेटी घेऊन निघालो होतो. जाता जाता लॅबचं ओळखपत्र परत द्यायला गेलो. भाऊंनी पेटीकडे पाहिलं.

"कुठी चालला?"

"गावाले. जिनिंगात लागतो."

"नापास?"

"हो."

"कंदीलवाल्याचं शेवटचं गाणं किती मिनिटाचं आहे?"

मला कंदीलवाला कोण हेच माहीत नव्हतं.

"लंबं आहे," ते म्हणाले. "पयले पाच मिनिटं काहीच होत नाई. नुसता समुद्र. तेवढ्यात उठून गेलेला माणूस म्हणते, बेकार अल्बम आहे. तू तसा माणूस आहे काय?"

मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्याच संध्याकाळी माझी पेटी भाऊंच्या खोलीत आली आणि पुढची तीन वर्षं तिथेच राहिली. भाऊंनी लग्न केलेलं नव्हतं. आईचं आजारपण पाहता पाहता ते राहून गेलं, आणि मग आईही गेली, एवढंच ते सांगत. एक खाट रिकामीच होती. ते रोज सकाळी मला व्हर्निअर धरायला शिकवायचे आणि संध्याकाळी नॉर्वेवाल्यांच्या इंग्रजी ओळी ऐकून लिहून काढायला लावायचे, डिक्शनरी शेजारी ठेवून. माझं इंग्रजी तिथून आलं. त्यामुळे मला 'बँकेत खातं उघडायचं आहे' हे इंग्रजीत फार उशिरा सांगता आलं, पण 'माझ्या वाटेवरचे सगळे तारे बुडाले' हे दुसऱ्या वर्षीच येत होतं.

आता वकीलसाहेबांकडे यायला हवं, कारण त्यांच्याशिवाय भाऊंचं चित्र अर्धंच राहील.

श्रीकांत पाठक, अकोल्याचे वकील. घरात तीन पिढ्या वकिली, त्याआधी पौरोहित्य. भाऊंची आणि त्यांची ओळख अमरावतीतल्या एका बंद पडत असलेल्या कॅसेटच्या दुकानात झाली. दुकानदाराने इंग्रजी कॅसेटी टोपल्यात ओतून दारात ठेवल्या होत्या आणि दोघांनी एकाच कॅसेटवर हात टाकला. वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही हे ऐकता?" भाऊ म्हणाले, "तुमी बी ऐकता?" दोघांनाही तोवर वाटत होतं, की सगळ्या वऱ्हाडात आपण एकटेच आहोत.

पुढे वकीलसाहेबांचा परदेशात शिकणारा पुतण्या कंदीलवाल्याची सीडी घेऊन आला. तो परत जायला निघाला होता. वकीलसाहेबांनी त्याला वाटेत अमरावतीला भाऊंकडे थांबवलं, कारण सीडी वाजेल असा डेक दोघांत फक्त भाऊंकडे होता. भाऊंनी सीडी टेप करून घ्यायची आणि एक प्रत अकोल्याला पाठवायची, असं ठरलं. त्याप्रमाणे झालं. आणि प्रत अकोल्याला पोचल्यावर वाद सुरू झाला, तो पुढे अठरा वर्षं चालला.

वाद शेवटाचा होता. शेवटच्या गाण्यात म्हातारा किनाऱ्यावर उभा आहे, वाद्यं एकेक करून चढत जातात, ड्रम सातात धावतो, आणि गायक सगळा जीव लावून ओरडतो, 'मला दिसतंय...' आणि तिथेच सगळं थांबतं. शब्द अर्धा, ताल अर्धा. पुढे नुसती कोरी टेप.

भाऊंचं म्हणणं, हा जगातला सगळ्यात भारी शेवट आहे. वकीलसाहेबांचं म्हणणं, हा शेवटच नाही.

या मुद्द्यावर वकीलसाहेब दर दुसऱ्या रविवारी अकोल्याहून एस.टी.ने, मूर्तिजापूरमार्गे, अडीच तास कधी उभे, कधी बसून येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. त्यांच्याकडे कंदीलवाल्याची फाईल होती. खरोखरची फाईल, लाल नाडी बांधलेली, आत कोर्टाचे हिरवे कागद, 'मुद्दा क्रमांक एक', 'मुद्दा क्रमांक दोन'. ऐकताना बोलायची बंदी असल्यामुळे ते चिठ्ठ्या लिहीत. बटण बंद झालं की पंखा सुरू व्हायचा, भाऊ कच्चा चिवडा कालवायला घ्यायचे, आणि कांदा चिरला जायच्या आत तोंड लागायचं.

"मधुकर, दुसरं गाणं चार मिनिटं जास्त आहे. मी आज घड्याळ लावून ऐकलं."

"तुमी घड्यायच ऐकलं मंग, गाणं कुठी ऐकलं?"

"तो कीबोर्डवाला एकच गोष्ट तीनदा सांगतो."

"वाट पाहणारा माणूस एकच गोष्ट तीनदाच सांगते साहेब. दिन्या, हिरव्या मिरच्या दे इकडे." दिन्या म्हणजे मी.

"बरं, ते सोड. शेवटाचं बोल. गोष्ट सांगणाऱ्यावर ऐकणाऱ्याचा काही हक्क आहे की नाही? त्याला काय दिसतंय? नाव? भाऊ? लाट? चौऱ्याहत्तर मिनिटं मला किनाऱ्यावर उभं करून हा माणूस पळून जातो!"

"पयत नाई तो. मरते."

"कशावरून?"

"अर्ध्या बोलण्यात कोण थांबते? मेलेला माणूस, नाई तं तुमचा पक्षकार."

वकीलसाहेब हसायचे नाहीत. ते चिवड्याचा घास घेऊन म्हणायचे, "मुद्दा नोंदवून घेतो. उत्तर पुढच्या तारखेला." आणि खरोखर लिहून घ्यायचे.

मला सुरुवातीला वाटायचं, हे दोघे एक दिवस भांडून वेगळे होतील. दोन-तीन महिन्यांत कळलं, की यांच्या भांडणाची चूल आहे, ती विझू द्यायची नाही असा नियम आहे. मूळ सीडी पुन्हा मिळवायचा प्रयत्न वकीलसाहेबांनी केला होता. पुतण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, मी आता तसलं ऐकत नाही." बँड मोडला होता, अल्बम छापणं बंद झालं होतं, इंटरनेटवरही नव्हता. म्हणजे पुरावा एकच, भाऊंची टेप.

एकदा माझे बाबा मला भेटायला आले तो नेमका रविवार होता. भाऊंनी पंखा बंद केला. बाबा पूर्ण वेळ मांडी घालून, डोळे मिटून बसले. दोन्ही पक्ष त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. "चांगलं आहे," बाबा म्हणाले. "आमच्या जिनिंगसारखंच वाजते. पण मशीन तब्येतीत आहे, कुठी घासत नाई." मग त्यांनी विचारलं, "शेवटी बंद काहून पडली?"

वकीलसाहेबांनी ते वाक्य फाईलमध्ये 'स्वतंत्र साक्षीदार' म्हणून लिहून घेतलं. भाऊ मात्र त्या दिवशी चिवड्यात मीठ टाकायला विसरले. मला तेव्हा काही कळलं नाही.

मी पास झालो, पुण्याला गेलो, एका कंपनीत मोजमापाची उपकरणं तपासायच्या कामाला लागलो. व्हर्निअर कसा धरतो ते पाहूनच मला घेतलं असं माझं मत आहे. भाऊंना महिन्यातून एकदा फोन करायचो. तेही एखाद-दोन मिनिटं बोलायचे आणि "ठेव आता, या डबड्यात आवाज चपटा येते" म्हणून ठेवून द्यायचे.

गेल्या वर्षी भाऊ रिटायर झाले. त्याच्या दोन महिने आधी मला कळलं, की नॉर्वेवाल्यांचा कंदीलवाला पुन्हा छापून आला आहे. मला किती आनंद झाला हे सांगता येणार नाही. या माणसाला काय द्यावं, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडलेला होता. मी सीडी मागवली. पाकीटसुद्धा फोडलं नाही. पहिल्यांदा ती भाऊंनीच ऐकावी, असं मला वाटलं. हाच माझा शहाणपणा.

सकाळी कॉलेजात शाल-श्रीफळ झालं. दुपारी खोलीवर आम्ही तिघे. मी सीडी पुढे केली. कव्हरवरचा म्हातारा पँट-कोटात होता. वकीलसाहेब खुर्चीतून उठलेच. "मूळ प्रत!" ते म्हणाले. "मधुकर, मूळ प्रत!"

भाऊ उठले. त्यांनी कूलर बंद केला, पंखा बंद केला, खिडकी लावली. हे सगळं त्यांनी फार हळू केलं.

शेवटचं गाणं आलं. समुद्र, गिटार, ड्रम सातात धावायला लागला. गायक ओरडला, 'मला दिसतंय...' माझा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला.

आणि गाणं पुढे गेलं.

'मला दिसतंय एक शीड,' असं ते वाक्य होतं. मग शीड जवळ आलं, नाव काठाला लागली, दुसरा एक आवाज आला आणि दोघे भाऊ मिळून गायला लागले. चार मिनिटं. मग समुद्र, मग रीतसर शेवट.

कोणी पंखा लावला नाही. वकीलसाहेबांनी विचारलं, "मधुकर, टेप करताना काय झालं होतं?"

"लाइन गेली होती," भाऊ म्हणाले. आमच्याकडे वीज जात नाही, लाइन जाते, आणि त्या वर्षांत ती रोज जायची. "तीन तासाचं भारनियमन होतं. पोराची बस होती. तो सीडी घेऊन गेला."

"म्हणजे अठरा वर्षं मी भारनियमनाशी वाद घालत होतो," वकीलसाहेब म्हणाले.

मला हसू आलं. मला वाटलं तेही हसतील. त्यांनी फाईलची नाडी बांधली. दोनदा बांधली, कारण पहिल्यांदा गाठ बसली नाही. "तुला माहीत होतं. तू मला खोटा पुरावा दिलास, मधुकर," एवढं म्हणून ते चिवडा न खाता साडेचारच्या गाडीने गेले.

त्या संध्याकाळी भाऊंनी मला सगळं सांगितलं. सांगताना ते कॅसेटी एका ओळीत लावत होते, त्या आधीच ओळीत होत्या तरी.

"टेप पाठवली तवा सांगणार होतो. पण त्याईचाच फोन आला. म्हणे, मधुकर, हा काय शेवट आहे! मले लाज वाटली बे. एक काम सांगतलं, तेबी धड नाई केलं. तं तोंडातून निघून गेलं, तोच तं शेवट आहे साहेब. ते भल्ले भडकले. अन् पुढच्या रविवारी दारात हजर. वकील माणूस, एस.टी.त उभा राहून, माह्याशी भांडाले." त्यांनी एक कॅसेट काढून परत तिथेच लावली. "माह्या खोलीवर मुद्दाम कोणी आलं असन तं तवा पयल्यांदा. आई गेल्यावर चार लोक आले होते, तेवढेच. आता सांग, मी त्याईले सांगतलं असतं लाइन गेली होती, तं ते म्हणाले असते, अच्छा. अन् मंग कायले आले असते?"

"तुम्ही जायचं होतं भाऊ. अकोल्याले."

"त्याईच्या घरी?" भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चंद्रावर जायला सांगितलं आहे. "कुठी बसू तथी? अन् काय सांगू, कोण आलो म्हणून?"

मग ते म्हणाले, "अन् मजा पाह्य. मी बी आजच ऐकलं पुरं गाणं. ती नाव आली ना... डोयाले पाणी आलं बे. साहेबच बरोबर होते. अठरा वर्षं बरोबर होते. शेवट पाह्यजेच होता."

मी पुण्याला परत आलो. दोनेक महिन्यांनी बोंडेकाकूंचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नाहीत. "दिनेश, मधुकर बरा आहे ना रे? रविवारी काहीच आवाज नाई. दुपारभर पंखा चालू असते," म्हणाल्या.

मी भाऊंना फोन केला. ते म्हणाले सगळं ठीक आहे, या डबड्यात आवाज चपटा येते. वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "निकाल लागलेल्या प्रकरणात मी बोलत नाही." मी तारखा मोजल्या. चार दुसरे रविवार कोरे गेले होते, आणि ते मी घालवले होते, पाकीटसुद्धा न फोडता.

दिवाळीला गावी जाताना मी अकोल्याला उतरलो आणि पत्ता विचारत वकीलसाहेबांच्या घरी गेलो. तिथे जे झालं ते भाऊंना फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. गावी पोचल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि त्यांना पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलंच पत्र. बाकी सगळे अर्ज होते.

*

ती. भाऊ,

सा. न. वि. वि.

मी आज वकीलसाहेबांकडे जाऊन आलो. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

त्यांनी पाणी दिलं आणि अर्धा तास मला पुण्यातल्या रिक्षांबद्दल विचारलं. तुमचं नाव काढलं नाही. मग एकदम म्हणाले, "मधुकरला शुगर निघाली का?" मी म्हणालो, नाही. "मग बीपी?" मी म्हणालो, तेही नाही. "मग तो आला का नाही?" मी म्हणालो, साहेब, तुम्हीच तर रागावून गेलात. ते म्हणाले, "मी रागावलो होतो. समजूत घालायला यायचं कोणी?" भाऊ, इतके दिवस ते तुमची वाट पाहत होते आणि तुम्ही त्यांची.

मग ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे ती नवी सीडी होती. त्यांनी मुलाकडून मागवून घेतली आहे आणि रोज ऐकतात. ऐकताना पंखा बंद करतात, घरचे बाहेर जाऊन बसतात. त्यांनी फाईल उघडली. नवा मुद्दा लिहिलेला आहे. तो मी वाचला, म्हणून तुम्हाला कळवतो. ते म्हणतात, ती नाव यायला नको होती. अठरा वर्षं मी शेवट मागत होतो आणि मिळाला तर त्यात काही नाही, नाव येते, दोघे भेटतात, गातात, असं कोणाचं होतं? तुटका शेवटच खरा होता. "मधुकर बरोबर होता," असं ते मोठ्याने म्हणाले, "आणि त्या गाढवाला वाटतं की त्याने मला फसवलं."

तुम्ही मला त्या संध्याकाळी काय म्हणाला होता, ते मी त्यांना सांगितलं नाही. तो तुमचा मुद्दा आहे. पण नाव यायलाच पाहिजे होती, हे त्यांना पटवून देणारा माणूस जगात एकच आहे, आणि मी पुण्यात मायक्रोमीटर तपासणारा आहे. मला ते जमणार नाही.

निघताना त्यांनी मला बजावलं, "हे मधुकरला सांगू नकोस." लिहू नकोस, असं म्हणाले नाहीत. मी दारातून परत वळून पाहिलं, तरी म्हणाले नाहीत.

त्या सीडीची चूक माझी होती. तिची माफी मी समोर येऊन मागेन.

या रविवारी तुम्ही अकोल्याला जा. सकाळची मूर्तिजापूरवरून जाणारी गाडी मिळेल. घर स्टँडपासून पायी दहा मिनिटं आहे, पाठीमागे नकाशा काढला आहे. बेल वाजवली की दार ते स्वतःच उघडतात, कोण आलं म्हणून विचारत नाहीत. बसायला बाहेरच्या खोलीत वेताच्या दोन खुर्च्या आहेत. मी एकीवर बसलो होतो. चांगली आहे.

लाइन गेली होती, हे पुन्हा सांगण्यात वेळ घालवू नका. ते त्यांना कळलं आहे. अठरा वर्षं दर दुसऱ्या रविवारी सकाळी सातपासून तुम्ही गच्चीच्या कठड्याशी उभं राहून रस्त्याकडे पाहत असता, आणि ते कोपऱ्यावर दिसले की घाईने आत येऊन पेपर वाचत बसता, हे मात्र त्यांना अजून माहीत नाही. मी तीन वर्षं दर वेळी पाहिलं, कधी बोललो नाही.

तेवढं त्यांना आधी सांगा, मग भांडा.

तुमचा,
दिनेश